ग्रुपमधली माणसं अडचणीत असतात तेव्हा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गच्चीवरच्या बागेचा, विणकामाचा, मधुमेहींचा, घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचा. व्हॉट्सॲपवर ग्रुप सुरू होतात एका विषयासाठी, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यातली माणसं एकमेकांची होऊन जातात. कित्येकांची प्रत्यक्ष गाठसुद्धा पडलेली नसते. अशा ओळखीत अडीनडीला नेमकं काय करावं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. उत्तरं देताना एक गोष्ट आम्ही धरून ठेवली आहे. ग्रुपला कळलं की मदत सुरू होते, पण ती पोचते कुणीतरी एक काम, एका दिवसासाठी, अंगावर घेतल्यावरच.

आमचा बागकामाचा ग्रुप आहे, दीडशेच्या आसपास सदस्य, बरेचसे याच भागातले. एका ताईंच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी ग्रुपवर कळवलं आणि शंभरावर 'काळजी घ्या' आणि जोडलेले हात आले. आठवड्याने त्या म्हणाल्या, उत्तरं देऊनच थकले. आम्हाला खरंच काही करायचं होतं. काय करायला हवं होतं? — एक वाचक, पिंपरी

पहिल्या तासात एकच काम करायचं. ताईंच्या सर्वांत जवळच्या सदस्याने त्यांना फोन करायचा आणि विचारायचं, "ग्रुपशी बोलायचं काम मी करू का? किती सांगू आणि काय सांगू नको?" हो म्हणाल्या की ॲडमिनने ग्रुपवर एक संदेश पिन करायचा: ताईंना थेट फोन किंवा मेसेज करू नका, चौकशी अमुक यांच्याकडे करा, रोज रात्री आठला खबर इथे मिळेल. पिन करताना मुदत विचारली जाते: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. सात दिवस ठेवा. एवढ्यानेच त्यांच्या फोनवरचा बराचसा भार उतरतो. रुग्णाचे रिपोर्ट, आयसीयूतले फोटो, बिलाचा आकडा यांतलं काहीही त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय ग्रुपवर जाता कामा नये.

मग जवळ राहणाऱ्या आणि खरोखर वेळ देऊ शकणाऱ्या सात-आठ जणांचा वेगळा छोटा ग्रुप करा. त्यात ताईंना घेऊ नका, नाहीतर तिथलीही प्रत्येक सूचना त्यांच्याच फोनवर वाजेल. तिथे पोल टाका, पर्याय म्हणून सोमवार ते रविवार. पोल बनवताना एकाहून जास्त उत्तरांची सोय बंद ठेवा म्हणजे प्रत्येकाचा एकच वार ठरतो. पोलमध्ये कुणी कोणता वार घेतला ते सर्वांना दिसतं, त्यामुळे एकाच दिवशी चार डबे आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असं होत नाही.

डब्याविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगल्या मनाने बरंच चुकतं. डबा सोबतीला बसलेल्या माणसासाठी असतो. आयसीयूतल्या रुग्णाला बाहेरचं अन्न चालत नाही आणि वॉर्डात आल्यावरही आहारतज्ज्ञ सांगतील तेच द्यायचं असतं. तीन-चार पोळ्या, एक सुकी भाजी, कोरडी चटणी, एक फळ एवढं पुरतं. रस्सा सांडतो. उन्हाळ्यात ताक-दही दुपारपर्यंत आंबतं. भात तासन्‌तास बाहेर ठेवून खाणं पोटाला धोक्याचं, आणि सोबतीचा माणूस कधी जेवेल हे त्याच्या हातात नसतं. डबा असा द्या की परत करावा लागणार नाही, कारण चार घरचे स्टीलचे डबे घासून ओळखून परत करायचे, हे त्या दिवसांत वाढीव काम होतं. एकदाच एक पिशवीही पोचवा: लांब वायरचा चार्जर, पातळ चादर, घरात घालायची चप्पल, पाण्याची बाटली, कागद ठेवायला फोल्डर, पेन आणि शंभर-पन्नासच्या थोड्या नोटा.

बोलण्याची पद्धतही बदला. "काही लागलं तर सांगा" या वाक्यात काम शोधण्याची जबाबदारी पुन्हा त्यांच्यावरच पडते. त्याऐवजी लिहा, "बुधवारी संध्याकाळी सातला मी डबा घेऊन खाली गेटपाशी येते. नको असेल तर फक्त 'नको' लिहा." वर जायचं नाही, भेटायचा आग्रह नाही, पाच मिनिटांत परत फिरायचं.

आणि तुम्ही बागवाली माणसं आहात! ताईंच्या गच्चीवरच्या कुंड्या एप्रिल-मेमध्ये दोन दिवस कोरड्या राहिल्या तर पालेभाजी, मिरची, टोमॅटो जातातच. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन रोज सकाळी कुणीतरी पाणी घालावं. घरी परतल्यावर जिवंत बाग दिसणं ही तुमच्या ग्रुपलाच देता येईल अशी मदत आहे.

लांबच्या सदस्यांनाही काम असतं. मेडिक्लेमसाठी डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिलं आणि त्यांची प्रिस्क्रिप्शनं, तपासण्यांचे रिपोर्ट असं सगळं लागतं आणि कागद जमा करायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. नागपूरला बसलेला एखादा सदस्य पॉलिसी वाचून ती यादी आणि शेवटची तारीख काढून देऊ शकतो. मूळ कागद देण्याआधी सर्वांचे फोटो काढून ठेवायला सांगा.

शेवटचं म्हणजे तिसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात सगळे असतात. रुग्ण घरी आला की ग्रुप पुन्हा खतं-बियाण्यांकडे वळतो, आणि नेमकं तेव्हाच घरात पथ्याचा स्वयंपाक, औषधांच्या वेळा आणि रात्रीची भीती एकट्या बाईच्या अंगावर येते. छोट्या ग्रुपने डिस्चार्जनंतरच्या दोन आठवड्यांचे वार आधीच वाटून घ्यावेत.

माझ्याकडे आनंदाची बातमी आहे, मला दिवस गेलेत. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा तीन महिन्यांपूर्वी गर्भपात झाला. ग्रुपवर कसं सांगू? — एक वाचक, कोल्हापूर

ग्रुपवर टाकायच्या निदान एक दिवस आधी तिला एकटीला लिहून कळवा. फोन करू नका, कारण फोनवर तिला त्या क्षणी आनंदी आवाज काढावा लागेल. लिहिलेलं ती तिच्या वेळेने वाचेल, रडायचं असेल तर रडेल. असं काही लिहा: "तुला हे ग्रुपवर अचानक कळू नये म्हणून आधी सांगतेय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. ग्रुपवर अभिनंदन केलं नाहीस तरी मला काही वाटणार नाही." एवढंच. "तुझंही लवकरच होईल" हे वाक्य अजिबात लिहू नका. आणि तुमचा आनंद लपवूही नका. ग्रुपवर मोकळेपणाने सांगा, तो तुमचा हक्क आहे.

'तातडीने रक्त हवे' असे संदेश ग्रुपवर सतत येतात. फोन केला तर समजतं की रुग्ण महिन्यापूर्वीच घरी गेला. टाकूच नका म्हणावं का? — एक ॲडमिन, नाशिक

बंदी घालू नका, नमुना ठरवून द्या. संदेशात पाच गोष्टी असतील तरच तो ग्रुपवर राहील: रक्तगट, नेमकं काय हवं (रक्त, तांबड्या पेशी की प्लेटलेट), रक्तपेढी आणि रुग्णालयाचं नाव व गाव, कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत, आणि एकाच माणसाचा फोन. तारीख संदेशाच्या पोटातच हवी. संदेश पुढे गेला की तुमच्या ग्रुपवरचा पुसला तरी इतर ग्रुपवरचा राहतो, तिथे ती तारीखच वाचणाऱ्याला सावध करते. रुग्णाचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक रक्तदात्याला खाजगीत द्यावा. गरज भागली की टाकणाऱ्याने "पूर्ण झालं, धन्यवाद" लिहून मूळ संदेश सर्वांसाठी पुसावा. हे लगेच करावं, कारण साधारण दोन दिवसांनंतर ती सोय राहत नाही.

दात्याला घरून निघण्याआधीच विचारा, म्हणजे तिथे जाऊन परत यावं लागत नाही. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त. आधीच्या रक्तदानाला पुरुषाचे ९० आणि स्त्रीचे १२० दिवस झालेले हवेत. गेल्या वर्षभरात टॅटू काढलेला नसावा. उपाशीपोटी जाऊ नये. प्लेटलेटसाठी नियम थोडे वेगळे. एकाच दात्याकडून यंत्राने प्लेटलेट घेतात त्याला एसडीपी म्हणतात. त्यात एक-दीड तास मोडतो, वजन ५० किलोच्या वर लागतं, हाताची शीर चांगली लागते आणि गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं चालत नाही. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की ही मागणी वाढते. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, आणि म्हणूनच दात्यांची यादी तयार असलेला ग्रुप फार मोलाचा ठरतो. वर्षातून एकदा इच्छुकांची रक्तगटवार यादी करा, शेवटच्या रक्तदानाच्या तारखेसह. ती ग्रुपवर न टाकता दोन ॲडमिनकडेच ठेवा.

संदेश पाठवण्याआधी ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर जवळच्या रक्तपेढ्यांतला साठा पाहायला सांगा. पुष्कळदा रक्त दोन किलोमीटरवर असतं. आणि कुणी रक्तदानाचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. मोबदला घेऊन रक्त देणं १९९८ पासून देशात बंद आहे. रक्तपेढी तपासणी आणि प्रक्रियेचं शुल्क घेते, ते वेगळं.

ग्रुपमधल्या एका दादांनी मुलाच्या ऑपरेशनसाठी पैसे मागितले आहेत. आम्ही कुणी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. माणूस चांगला वाटतो. गोळा करावेत का? — एक वाचक, ठाणे

आधी खात्री करा की मागणारे तेच आहेत. व्हॉट्सॲप खातं चोरून ओळखीच्यांकडे पैसे मागणं हा फार चालणारा प्रकार आहे. चोर एखाद्या मित्राच्या नावाने म्हणतो, "चुकून तुझ्या फोनवर सहा आकडी कोड आला, पाठव." तो कोड दिला की खातं त्याच्या हातात. म्हणून मेसेजवर बोलू नका. व्हॉट्सॲपवरून नको, साध्या कॉलने त्यांच्या जुन्या नंबरवर फोन करा आणि तुम्हा दोघांनाच माहीत असलेली गोष्ट बोलण्यात आणा. खातं चोरीला गेलं असेल तर त्यांनी स्वतःच्या नंबरने पुन्हा नोंदणी केली की चोर बाहेर पडतो. चोराने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला असेल तर मात्र सात दिवस थांबावं लागतं. आपल्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली हा पिन आजच लावावा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे गेलेले नसतील तरच ते रोखता येतात, म्हणून तासाभराचाही फरक पडतो.

गरज खरी असेल तर पैसे काढण्याआधी दोन दारं ठोठवा. अनेक ग्रुप हे विसरतात आणि लोकांच्या खिशातले लाखभर रुपये विनाकारण जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत महाराष्ट्रातल्या रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार, योजनेत असलेल्या रुग्णालयात, पैसे न भरता मिळतात. तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणारा माणूस, बसलेला असतो. उपचाराआधी मंजुरी घ्यायची असते. आधी बिल भरलं आणि मग योजना आठवली, तर उपयोग नाही. दुसरं दार धर्मादाय रुग्णालयांचं. ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं. कागदं जमवायला, रांगेत उभं राहायला ग्रुपमधला कुणी सोबत गेला, तर ती पाच हजार रुपयांपेक्षा मोठी मदत आहे.

तरीही कमी पडलं, तर रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक घ्या, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर फोन करून तो जुळवा, आणि शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या क्रमांकावर भरा. कुणाच्या खात्यात गोळा करायचेच असतील तर ते खातं एका माणसाचं, हिशोब दुसऱ्या माणसाकडे. सात दिवसांची मुदत ठेवा. रोज फक्त एकूण बेरीज कळवा. कुणी किती दिले हे ग्रुपवर कधीही लिहू नका. आकडे दिसले की दोनशे रुपये देऊ शकणारा माणूस गप्प होतो आणि हळूहळू ग्रुपपासूनच लांब जातो. उरलेल्या पैशांचं काय करायचं हे आधीच ठरवून लिहा. शेवटी पावतीवरचे खाजगी तपशील झाकून तिचा फोटो टाका.

एक नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम एकूण ५० हजारांवर गेली, तर आयकर कायद्यानुसार ती सगळीच रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. त्यामुळे आकडा मोठा होणार असेल तर गोळा करायच्या आधी सीएशी बोला, आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.

उसने म्हणून देत असाल, तर परत आले नाहीत तरी मैत्री राहील एवढीच रक्कम द्या. त्याहून जास्त मागितली तर नाही म्हणा, आणि नाही म्हणताना कारणांची यादी देऊ नका.

रात्री एक वाजता ग्रुपवर एका मुलाने लिहिलं, "आता नको वाटतं सगळं, सगळ्यांना शेवटचा नमस्कार." दहा मिनिटांनी पुसलं. मी पाहिलं होतं. काय करावं हे सुचलं नाही. सकाळी तो ठीक होता. पुन्हा असं झालं तर? — एक वाचक, सोलापूर

पुसलं म्हणून सोडून देऊ नका. लगेच त्याला फोन करा. उचलला तर शांतपणे, सरळ विचारा, "जीव द्यावा असा विचार मनात येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. मग ऐका. "आईवडिलांचा विचार कर", "सकारात्मक राहा", "लोकांचं याहून वाईट असतं" ही वाक्यं टाळा, त्यांनी तो आणखी एकटा पडतो. "मी फोन ठेवत नाही, तू आत्ता कुठे आहेस, घरात कोण आहे?" हे विचारा. आत्ताच काही करायच्या बेतात आहे का, हेही विचारा.

हो म्हणाला किंवा फोन उचलतच नाही, तर ११२ वर फोन करून त्याचा नंबर आणि माहीत असलेला पत्ता द्या, आणि घरच्यांना उठवा. त्याच वेळी ग्रुपमधल्या दुसऱ्या एकाला सोबत घ्या. एकाने त्याच्याशी बोलत राहायचं, दुसऱ्याने बाकीचे फोन करायचे. जवळ कुणी राहत असेल तर त्याने तिथे जावं आणि त्याला एकटं सोडू नये. "कुणाला सांगू नकोस" असं तो म्हणाला तर खोटं वचन देऊ नका. म्हणा, "ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन." धोका तातडीचा नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्यासोबत लावा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ती मोफत असून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने कुणी गप्प बसू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानलं जातं आणि त्याला उपचार व मदत मिळावी असं कायदा सांगतो.

ग्रुपवर यातलं काही लिहू नका. "आम्ही त्याच्याशी बोलतोय, कृपया कुणी फोन करू नका" एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी फोन, मग महिनाभर आठवड्यातून दोनदा. सकाळी ठीक वाटणं म्हणजे प्रश्न मिटला असं नसतं, त्यामुळे डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना कुणीतरी बरोबर जावं. तुमच्या पत्रातला प्रसंग होऊन गेला असला, तरी त्याला आजही फोन करा.

प्रत्येक ग्रुपने एक तयारी आधीच करून ठेवावी. जो देईल त्याच्याकडून घरातल्या एका माणसाचा नंबर आणि राहता पत्ता घ्यावा आणि तो दोन ॲडमिनकडे ठेवावा. रात्री एक वाजता ही माहिती नसते म्हणूनच माणसं हतबल होतात. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे, आत्ताही.

हिंजवडीतली नोकरी गेली. ग्रुपवर रोज बोलतो, पण हे सांगायला जीभ रेटत नाही. सांगावं का? — एक वाचक, पुणे

सगळ्यांना सांगायची गरज नाही. आधी दोघांना सांगा, एक ज्याला तुमच्या क्षेत्रातलं कळतं तो आणि दुसरा ज्याच्याजवळ मन मोकळं होतं तो. सांगताना काय हवंय तेही सांगा, कारण न सांगितल्यास लोक सवयीने सल्ले देतात. "आज फक्त ऐक, उपाय नको" किंवा "माझा बायोडाटा वाचून तीन चुका दाखव" किंवा "तुझ्या कंपनीत अमुक कामाची जागा निघाली तर कळव." मोघम "काही असेल तर बघ" याला मोघमच उत्तर मिळतं. पुढे ग्रुपवर सांगावंसं वाटलं तर किती वर्षांचा अनुभव, कोणतं काम, कोणत्या गावात चालेल आणि कधीपासून, एवढं चार ओळींत लिहा.

ग्रुपमधल्या इतरांसाठीही एक सूचना. रोज "काही झालं का?" असं विचारू नका. पंधरा दिवसांनी एकदा चहाला बोलवा, आणि चहाचे पैसे कोण देणार यावरून त्याला अवघडल्यासारखं होणार नाही असं बघा.

आमच्या विणकामाच्या ग्रुपमधल्या एक काकू गेल्या. त्यांचा नंबर ग्रुपमधून काढायला हात धजत नाही. — एक ॲडमिन, सातारा

घाई करू नका, पण कायमचाही ठेवू नका. वापरात नसलेलं सिम काही महिन्यांत बंद होतं, आणि बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग काकूंच्या जागी अनोळखी माणूस यायचा. म्हणून महिना-दीड महिना झाल्यावर, त्यांच्या घरच्यांना सांगून, ग्रुपवर दोन ओळी लिहून नंबर काढा. घरचं कुणी ग्रुपमध्ये राहू इच्छित असेल तर त्यांना स्वतःच्या नंबरने घ्या.

त्याआधी एक काम नक्की करा. त्यांचे व्हॉइस मेसेज, विणलेल्या वस्तूंचे फोटो, त्यांनी लिहून दिलेले नमुने वेचून घरच्यांना द्या. ग्रुपमधून फक्त त्यांचंच निवडा. सगळं चॅट एक्स्पोर्ट करून देऊ नका, त्यात इतर बायकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात. व्हॉइस मेसेज ज्यांच्या फोनमध्ये शाबूत आहेत त्यांनी ते लवकर बाजूला काढावेत. फोन बदलला किंवा जागा कमी पडली की आधी त्याच फाइल जातात. अर्धवट राहिलेलं विणकाम असेल तर घरच्यांना विचारा, पुरं करून हवंय का. काहींना ते तसंच ठेवायचं असतं.

मी जर्मनीत राहते. आई नाशिकला एकटी. इथल्या मराठी आयांच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीच माझं माहेर झाल्या आहेत, पण आईसाठी काही उपयोग होईल का? — एक वाचक, म्युनिक

होईल, आणि चांगला होईल, कारण तुमच्यासारख्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी इकडे आहे. एक कागद करा: कुणाचे आईवडील कोणत्या गावात आणि कोणत्या भागात आहेत, आणि कुणाचा भाऊ, मावशी, मैत्रीण त्याच गावात आहे. नाशिकचे तीन-चार दुवे सहज निघतील. त्यांतल्या दोघांची आईशी आधीच ओळख करून द्या, व्हिडिओ कॉलवर आणि एकदा प्रत्यक्ष. अनोळखी माणूस संकटात दारात उभा राहिला तर आई दार उघडणार नाही, आणि तिने उघडूही नये. घराची एक किल्ली शेजारी ठेवा आणि ती कुणाला द्यायची ते शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

वेळेचं गणित नीट मांडा. हिवाळ्यात तुम्ही भारताच्या साडेचार तास मागे असता आणि उन्हाळ्यात साडेतीन. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आईने सकाळी नऊपर्यंत एक मेसेज करायचा असं ठरवलंत, तर त्या वेळी तुमच्याकडे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच असतात. म्हणून तो मेसेज दुसऱ्या टाइमझोनमधल्या, म्हणजे सिंगापूर-ऑस्ट्रेलियातल्या मैत्रिणीला किंवा नाशिकच्याच दुव्याला जाऊ द्या. नऊला आला नाही तर साडेनऊला फोन, दहाला शेजारी, आणि त्यानंतर तुम्हाला उठवायचं. हा क्रम लिहून सर्वांना द्या.

११२, १०८ किंवा ज्येष्ठांसाठीची १४५६७ हे छोटे नंबर परदेशातून भारतात लागत नाहीत, आणि जर्मनीत ११२ फिरवलंत तर तिथलीच आपत्कालीन सेवा येईल. त्यामुळे नाशिकच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा आणि आईच्या जवळच्या रुग्णालयाचा पूर्ण नंबर, +९१ आणि शहराच्या कोडसह, फोनमध्ये साठवा, आणि साठवल्यावर एकदा लावून बघा. नाशिकच्या दुव्याकडे आईची औषधं, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचं नाव आणि विमा कार्डाचा फोटो द्या. औषधं बदलली की यादीही बदला आणि जुनी पुसायला सांगा, कारण जुनी यादी पाहून दिलेलं रक्त पातळ करणारं औषध किंवा इन्सुलिनचा चुकीचा डोस घातक ठरू शकतो.

नाशिकच्या दुव्याला फक्त अडचणीच्या वेळी फोन करू नका. त्या बाईंचा खर्च झाला तर त्याच दिवशी पाठवा, महिन्यातून एकदा त्यांची खुशाली विचारा, आणि त्यांची सुट्टी किंवा परगावी जाणं आधी माहीत करून घ्या म्हणजे त्या दिवसांत दुसरा दुवा सांभाळेल.